कॅमडेन शहराची बदनामी आणि गरिबाची सुरक्षितता

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर भोंग्यापुढें कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें चित्र असे, तें आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं पाहिलेलें आहे. आपल्याकडे तें चित्र विलायती कंपनीच्या तबकड्यांवर येई. अमेरिकेंत तेंच चित्र व्हिक्टर कंपनीचें होतें, आणि तिचा कारखाना न्यू जर्सी राज्यांतील कॅमडेन शहरांत होता. त्या कारखान्याच्या मनोऱ्यावर रंगीत कांचांत तो कुत्रा अजूनहि बसलेला आहे. मनोऱ्याखालच्या शहराचें मात्र निराळेंच झालें. ज्या शहराचें नांव एके काळीं गाण्याच्या तबकड्यांवरून घरोघर गेलें, तेंच पुढें खुनांच्या आंकड्यांवरून जगभर गेलें.

या शहराची हकीकत आज आम्ही सांगणार आहों. कोणी म्हणेल, आमच्या विहिरीला पाणी नाहीं आणि हे अमेरिकेंतील खुनांच्या गोष्टी घेऊन बसले! त्यास आमचें उत्तर असें कीं, आतां शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलेंहि शिकून न्यू जर्सीकडे नोकरीस जाऊं लागलीं आहेत. तेथें घर पाहतांना पहिला प्रश्न असतो, ‘ही वस्ती सुरक्षित आहे ना?’ आणि उत्तर म्हणून हातांत एक आंकडा पडतो. तो आंकडा कोण तयार करतो, त्यांत काय असतें व काय नसतें, हें न समजतां आपलींच माणसें ‘तिकडे जाऊं नका, ते लोक वाईट आहेत’ असें बोलूं लागतात. ज्यांच्या वाडवडिलांना ‘ते लोक’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या ऐकावा लागला, त्यांनीं तो दुसऱ्यासाठीं इतक्या सहज वापरावा, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. म्हणून हा लेख.

कॅमडेन हें डेलावेअर नदीच्या कांठचें शहर. पलीकडच्या तीरावर फिलाडेल्फिया हें मोठें नगर. कॅमडेनची वाढ झाली ती हाताच्या कामावर. १८६९ सालीं तेथें कॅम्पबेल कंपनी निघाली. तिचें डबाबंद सूप अमेरिकेंत घरोघर गेलें, आणि त्यासाठीं न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांचे टोमॅटो गाड्या भरभरून शहरांत येत. १९०१ सालीं व्हिक्टर कंपनी झाली. नदीकांठीं जहाजांचा प्रचंड कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत तेथें हजारों माणसें राबत होतीं. लोहार, सुतार, वितळ्या, जोडारी अशा सर्वांना तेथें काम होतें. १९५० सालीं शहराची वस्ती १,२४,५५५ होती.

मग काय झालें? शहरावर शत्रु चालून आला नाहीं, भूकंप झाला नाहीं. काम निघून गेलें. जहाजांचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला. कॅम्पबेलची मुख्य कचेरी शहरांत राहिली, पण तेथील सुपाचा कारखाना १९९० सालीं बंद झाला. मालकांनीं नवे कारखाने स्वस्त जमिनीकडे व स्वस्त मजुरीकडे नेले. ज्या गोऱ्या कामकऱ्यांना जातां आलें ते शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेले. काळ्या लोकांना जातां येईना. कां म्हणाल, तर १९३० नंतरच्या दशकांत सरकारी कर्जसंस्थेनेंच अमेरिकेंतील शहरांचे नकाशे करून काळ्या वस्त्यांवर तांबडा रंग फासला होता. तांबड्या रंगांतल्या घराला कर्ज मिळण्याची मारामार. शिवाय बाहेरच्या गांवांनीं असे नियम केले कीं, मोठें आवार आणि मोठें घर असल्याशिवाय बांधकामालाच परवानगी नाहीं. या नियमांविरुद्ध कॅमडेनजवळच्या माउंट लॉरेल गांवच्या काळ्या कुटुंबांना न्यायालयांत जावें लागलें, तेव्हां १९७५ सालीं न्यू जर्सीच्या वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, गरिबाला बाहेर ठेवण्यासाठीं गांवाला असे नियम करतां येणार नाहींत. पण निकाल आला तेव्हां कॅमडेनचें जायचें तें गेलें होतें. १९७१ सालीं एका पोर्टो रिकन माणसाला पोलिसांनीं बेदम मारलें, आणि शहर पेटलें. उरलेल्या दुकानदारांपैकीं पुष्कळांनीं त्यानंतर फळ्या ठोकल्या. २०२० च्या शिरगणतींत वस्ती ७१,७९१ भरली; तींत गोरा मनुष्य शोधावा लागतो.

ज्या गांवांत काम नाहीं, दुकान नाहीं, कर भरणारा नाहीं, तेथें पोरगा रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून गांजा-अफूचा धंदा करूं लागला, तर नवल काय? विकत घेणारे पुष्कळदां बाहेरच्या सुखी वस्त्यांतून मोटारींत बसून येत. माल घेऊन ते घरीं जात. गोळी खाणारा कोपऱ्यावरच राही. वहींत गुन्हा मांडला जाई तो कॅमडेनच्या नांवावर.

आतां आंकड्याची गोष्ट. अमेरिकेंत १९३० सालापासून मध्यवर्ती पोलीस खातें गुन्ह्यांची मोजणी गोळा करतें, आणि दर लाख वस्तीमागें किती गुन्हे झाले असा हिशेब काढला जातो. हिशेब सरळ आहे, पण लहान शहराला तो कसा जाचतो तें पाहा. पांचशें वस्तीच्या खेड्यांत एका वर्षीं भाऊबंदकींत एक खून झाला, तर लाखामागें दोनशें खून झाले असें गणित येतें! तेवढ्यावरून तें खेडें खुन्यांचें ठरवाल काय? कॅमडेनमध्यें आंकडा खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो भयंकरच होता. पण एका खाजगी प्रकाशन संस्थेनें शहरांची यादी लावून २००४ आणि २००५ या दोन्ही वर्षीं कॅमडेनला देशांतील सर्वांत धोक्याचें शहर ठरविलें. आंकडे गोळा करणारें सरकारी खातें स्वतः बजावतें कीं, आमच्या आंकड्यांवरून शहरांची अशी चढाओढ लावूं नका. पण यादी खपते, आणि बजावणी कोणी वाचत नाहीं. यादी वाचून कारखानदार येत नाहीं, विमा महाग होतो, पोरगा नोकरीचा अर्ज करतो तर पत्ता पाहूनच नाक मुरडलें जातें. कामाच्या अभावानें गुन्हा वाढतो, गुन्ह्याच्या आंकड्यानें काम पळतें. रहाटाला जुंपलेल्या बैलासारखें शहर तेथल्या तेथें फिरत राहतें.

आंकड्यांतून दोन गोष्टी निसटतात, त्या वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, गुन्हा वहींत येण्यासाठीं कोणीतरी जाऊन सांगावा लागतो. अमेरिकन सरकार दरवर्षीं घरोघर विचारपूस करतें, तींत असें दिसतें कीं, मारहाणीचे व जबरीचे निम्म्याहून अधिक प्रकार पोलिसांपर्यंत जातच नाहींत. जेथें पोलिसांवर विश्वास नाहीं तेथें वही कोरी आणि डोकीं फुटलेलीं, असें सहज होतें. खून मात्र झांकत नाहीं, कारण मुडदा खोटें बोलत नाहीं. म्हणून आम्ही या लेखांत खुनाचाच आंकडा धरला आहे. दुसरी गोष्ट ही कीं, आंकडा गुन्हेगार मोजतो असें लोकांना वाटतें; खरें तर तो मेलेले मोजतो. कॅमडेनचे मेलेले हे कॅमडेनचेच काळे व स्पॅनिश बोलणारे गरीब लोक होते. ज्या आईचा मुलगा मेला, तिलाच जगानें ‘धोक्याच्या शहरांतील बाई’ म्हणावें, हा कोणता न्याय?

आतां शहराच्या कारभाऱ्यांनीं काय केलें तें ऐका. २०११ च्या जानेवारींत तिजोरींत खडखडाट झाला, तेव्हां जवळजवळ निम्मे पोलीस एकदम कामावरून काढले. त्यानंतर २०१२ सालीं त्या सत्त्याहत्तर हजार वस्तींत ६७ खून झाले. लाखामागें सुमारे ८७! त्याच वर्षीं सबंध अमेरिकेचें प्रमाण लाखामागें ५ सुद्धां नव्हतें. आमचे कांहीं तरुण मित्र तावातावानें म्हणतात कीं, पोलीस हा गरिबाचा वैरीच, तो नसला तर बरें. त्यांनीं कॅमडेनचीं हीं दोन वर्षें डोळ्यांपुढें ठेवावीं. शिपाई गेला म्हणजे श्रीमंत आपला पहारेकरी ठेवतो, उंच भिंत घालतो, नाहींतर गांव सोडतो. गरिबाला यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. त्याच्या दारांतल्या पायरीवर मारेकरी बसतो, आणि म्हातारी दिवेलागणीआधीं कडी लावून घेते. राखण ही चैनीची वस्तु नव्हे. ती गरिबाची भाकरीइतकीच गरज आहे.

मग १ मे २०१३ रोजीं शहराचें जुनें पोलीस खातेंच मोडून जिल्ह्याचें नवें खातें उभें केलें. २०२० सालीं मिनिआपोलिस येथें पोलिसानें जॉर्ज फ्लॉइड यास मारल्यावर ‘कॅमडेननें पोलीस बंद केले, तसेच सगळीकडे बंद करा’ अशी आवई उठली, ती अर्धी खरी आणि म्हणून सगळीच फसवी. कॅमडेननें पोलीस बंद केले नाहींत. जुना करार मोडून, पगार व सवलती कमी करून, त्याच पैशांत अधिक शिपाई नेमले. संख्या चारशेंच्या घरांत गेली. पगार कापून संघ मोडण्याची ही युक्ति आम्हांस मुळींच पसंत नाहीं; काम करणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेली काटकसर पुढें दुसऱ्याच कोणाच्या पाठीवर उतरते. येथेंहि तसेंच झालें. नव्या खात्यानें आरंभीं दंडाच्या पावत्यांचा पाऊस पाडला. सायकलीला दिवा नाहीं, टाका दंड. मोटारीच्या कांचा काळ्या, टाका दंड. जबरदस्ती केल्याच्या तक्रारी वाढल्या. २०१४ सालीं त्या ६५ झाल्या.

ही दंडाची वाट कोठें जाते, हें पाहायचें असेल तर मिसूरी राज्यांतील फर्ग्युसन या गांवाकडे वळावें. वस्ती सुमारे एकवीस हजार, दोनतृतीयांश काळी. ९ ऑगस्ट २०१४ रोजीं मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र काळा मुलगा पोलिसाच्या गोळीनें मेला आणि गांव पेटून उठलें. मध्यवर्ती न्यायखात्यानें चौकशी करून मार्च २०१५ मध्यें जो अहवाल काढला, तो प्रत्येक शेतकऱ्यानें ऐकावा असा आहे. गांवचा खर्च भागविण्यासाठीं पोलिसांना दंड वाढवावयास सांगितलें जाई! अंदाजपत्रकांत दंडाचें उत्पन्न अगोदरच धरलेलें असे. २०१५ साठीं सुमारे १ कोटि ३२ लाख डॉलरांच्या जमेंत ३० लाखांहून अधिक डॉलर दंडाचे धरले होते. पीक येण्याआधींच सावकारानें खळें मोजून ठेवावें, तसा हा प्रकार. अटक होणाऱ्यांत शंभरांपैकीं ९३ काळे.

एका काळ्या बाईची हकीकत त्या अहवालांत आहे. २००७ सालीं तिनें मोटार चुकीच्या जागीं उभी केली. दंड झाला १५१ डॉलर, वर खर्च. बाई गरीब, कधीं कधीं तिला राहायला घरहि नव्हतें. तारखा चुकल्या, हप्ते चुकले, आणि दर चुकीला नवा गुन्हा व नवा दंड. दोनदां अटक झाली, सहा दिवस कोठडींत गेले. तिनें पंचवीस-पन्नास डॉलर घेऊन जावें तर न्यायालयानें ते परत करावे, कां तर सगळी रक्कम एकदम पाहिजे. तिनें एकंदर ५५० डॉलर भरले, आणि डिसेंबर २०१४ मध्यें तिच्या नांवावर अजून ५४१ डॉलर बाकी होती! मुद्दल फिटतें, व्याज फिटतें, पण बाकी फिटत नाहीं. हें खातें आपल्या आजोबा-पणजोबांनीं पाहिलेलें आहे. फरक इतकाच कीं, तेथें वही सावकाराच्या हातीं होती, येथें ती न्यायालयाच्या हातीं. त्या वेळीं या एकवीस हजारांच्या गांवच्या न्यायालयानें सोळा हजारांहून अधिक माणसांवर, गांवचीं आणि बाहेरचीं मिळून, पकडवॉरंटें काढून ठेवलीं होतीं. आतां सांगा, फर्ग्युसनमध्यें गुन्हेगार फार होते, कीं गुन्हेगार तयार करण्याचा कारखाना मोठा होता? २०१६ सालीं गांवाला न्यायालयापुढें सुधारणेचा करार करावा लागला.

कॅमडेनच्या खात्याला हें वेळेवर कळलें, ही त्याची थोरवी म्हणा कीं चतुराई म्हणा. त्याचा मुख्य स्कॉट थॉमसन यानें पुढें उघड कबूल केलें कीं, वर्षाला तेरा हजार डॉलर मिळविणाऱ्या माणसाला अडीचशें डॉलरांचा दंड केला तर त्याचें आयुष्य उलटेंपालटें होतें. शिपायांना गाडींतून उतरवून पायीं फिरावयास लावलें. दार ठोठावून, नांव सांगून ओळख करून घ्यावयास लावलें. गोळी लागलेल्या माणसाला रुग्णगाडीची वाट न पाहतां स्वतःच्या गाडींत घालून इस्पितळांत नेण्याची रीत पाडली. २०१९ सालीं नियम केला कीं, बळ हा शेवटचा उपाय, आणि सोबतचा शिपाई मर्यादा सोडीत असेल तर त्याला अडविणें हें दुसऱ्याचें कर्तव्य. जबरदस्तीच्या तक्रारी पुढें ३ वर आल्या. खुनांचा आंकडा २०१२ च्या ६७ वरून २०१७ सालीं २३ वर आला, आणि २०२४ सालीं तो विसाच्या आंत होता.

याचें सगळें श्रेय नव्या खात्याला द्यावें काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. शिपाई वाढले, रीत बदलली, मोडकीं ओसाड घरें पाडलीं, वस्तींतल्या मंडळ्यांनीं आणि देवळाऐवजीं प्रार्थनामंदिरांतून चालणाऱ्या संस्थांनीं मुलांना हाताशीं धरलें; या सर्वांचा तो परिणाम आहे. आणि अजून पुष्कळ उणें आहे. २०१३ च्या कायद्यानें कॅमडेनमध्यें येणाऱ्या कंपन्यांना दीड अब्जाहून अधिक डॉलरांची करमाफी कबूल केली, पण त्या काचेच्या इमारतींत कॅमडेनच्या माणसांना किती कामें मिळालीं, यावरून तेथें मोठा वाद झाला. दारिद्र्य अजून हटलेलें नाहीं. रस्त्यांवर जागोजाग यांत्रिक डोळे बसविले आहेत. शेजारच्या श्रीमंत गांवानें आपल्या अंगणांत इतके डोळे खपवून घेतले असते काय, हाहि प्रश्न आहेच.

तरी पण एक गोष्ट सिद्ध झाली, आणि ती लहान नाहीं. माणसें तींच, रंग तोच, गरिबी बव्हंशीं तीच. आणि दहा-बारा वर्षांत खून दोनतृतीयांशाहून अधिक उतरले. गुन्हा जर रक्तांत असता, जातींत असता, कातडीच्या रंगांत असता, तर असें झालें असतें काय? कॅमडेनचें रक्त कोणी बदललें नाहीं, कारभार बदलला. ‘त्या लोकांचा स्वभावच तसा’ असें म्हणणाऱ्या शहाण्यांच्या तोंडावर हा आंकडा मारावा. त्यांचेच हत्यार त्यांना परत.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केलें, ज्यांनीं काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली. अमेरिकेंतल्या काळ्या माणसाचें दुःख आपल्या दुःखाच्या शेजारीं ठेवून पाहण्याची दृष्टि त्या वेळीं आपल्याला मिळाली आहे. ज्यांच्या नातवंडांना आज न्यू जर्सींत चांगली नोकरी आणि चांगलें घर आहे, त्यांनीं ती दृष्टि सामानांतून काढून येथें ठेवून जाऊं नये.

म्हणून परदेशीं राहणाऱ्या आमच्या मुलांना आमचें सांगणें एवढेंच आहे. जिवाची काळजी जरूर घ्या. रात्रीं अपरात्रीं कोठें जावें, कोठें जाऊं नये, हें अवश्य पाहा. त्यांत लाज नाहीं. पण कोणी एखाद्या शहराच्या नांवापुढें आंकडा मांडून ‘हें वाईट’ असें म्हणाला, तर त्याला चार प्रश्न विचारा. तेथलें काम कोणी नेलें? मेले ते कोण? शिपाई राखण करतो कीं वसुली करतो? आणि आंकडा उतरला तेव्हां त्याची बातमी तुम्ही पहिल्याइतक्याच मोठ्यानें सांगितली काय?

शेवटचा प्रश्न विचारल्यावर बहुतेक जण गप्प बसतील असा आमचा अंदाज आहे. बदनामी घोड्यावर बसून येते आणि दुरुस्ती पायीं चालत येते. कॅमडेनची दुरुस्ती अजून वाटेंतच आहे. तिला दोन पावलें पुढें नेण्याचें काम तरी आपल्या वाचकांनीं करावें.